नारळ, माड आणि गूळ : जुन्नर–आंबेगाव परिसरातील गोडाच्या परंपरेचा शब्दसाक्ष्याने विचार

१

माडाच्या रसापासून तयार होणारी साखर अलीकडे शहरांतील बाजारपेठांत ‘नारळसाखर’ या नावाने विकली जाते, आणि तिच्या नावाला ‘परंपरागत’ व ‘नैसर्गिक’ अशी दोन विशेषणे जोडली जातात. यांपैकी नावाचाच विचार प्रथम केला पाहिजे. ही साखर नारळातून निघत नाही. माडाची पोय, म्हणजे न उमललेला फुलोरा, बांधून व हलकेच ठोकून तिच्या टोकाला छेद दिला असता जो रस पाझरतो, तो आटवून ती होते. ज्या पोयीचा रस काढला, तिला पुढे नारळ धरत नाही. म्हणजे ‘नारळसाखर’ हे नाव ज्या फळाचे आहे, त्या फळाचा त्याग केल्यावाचून ती वस्तूच हाती येत नाही. जेथे झाडाला माड व फळाला नारळ म्हणण्याची रीत आहे, तेथील भाषेने असे नाव सहसा दिले नसते. माडाकडे न पाहता केवळ नारळ पाहणाऱ्या भाषेत ते तयार झाले आहे.

विशेषणांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. परंपरा ही नेहमी कोणत्या तरी ठिकाणची आणि कोणाच्या तरी हातची असते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर व गोव्यात जी गोष्ट परंपरागत असेल, ती सह्याद्री ओलांडून देशावर आल्यावरही परंपरागत ठरते काय, हे तपासून पाहावे लागते. या तपासणीस पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव हे दोन तालुके विशेष सोयीचे आहेत. त्यांची पश्चिम सीमा घाटमाथ्याला भिडलेली आहे. कल्याण व सोपारा या बंदरांकडून देशावर येणारा प्राचीन मार्ग नाणेघाटाने जुन्नरास येतो. याच प्रदेशात कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या खोऱ्यांत उसाची बागायत व गुऱ्हाळे आहेत. माडाचा मुलूख आणि उसाचा मुलूख यांच्यामध्ये येथे एका घाटाचेच अंतर आहे. घाटातून काय वर आले आणि काय आले नाही, याची नोंद शिलालेख, प्रवासवर्णने आणि बोलीतील शब्द या तीन ठिकाणी सापडते. या तिन्हींचा एकत्रित विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

नाणेघाटातील सातवाहनांचा लेख सामान्यतः इ. स. पूर्व पहिल्या शतकातील मानला जातो. नागनिका राणीशी निगडित असलेल्या या लेखात यज्ञांची व त्या प्रसंगी दिलेल्या दक्षिणांची यादी आहे. गाई, घोडे, हत्ती, गावे व कार्षापण यांची गणना त्यात येते. घाटाच्या माथ्यावरील दगडी रांजण जकातीच्या नाण्यांसाठी होता अशी लोकसमजूत आहे. ती खरी असो वा नसो, हा मार्ग व्यापाराचा होता याविषयी शंका नाही. जुन्नरच्या भोवतालच्या लेण्यांतील लेखांत धान्याच्या व्यापाऱ्यांची, कासारांची व वेळूचे काम करणाऱ्यांची श्रेणी उल्लेखिलेली आहे. म्हणजे येथे केवळ मार्ग नव्हता, तर मार्गावरची संपन्न बाजारपेठही होती.

पुढे हा प्रदेश क्षहरात क्षत्रप नहपान याच्या अमलाखाली आला. त्याचा अमात्य अयम याने वर्ष ४६ मध्ये दिलेल्या दानाचा लेख जुन्नरजवळच्या मानमोडी डोंगरातील लेण्यांत आहे. याच नहपानाचा जावई उषवदात याचे लेख नाशिकच्या पांडवलेण्यांत आहेत, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ते फार महत्त्वाचे आहेत. त्यांपैकी एका लेखात नानंगोल या गावची ३२,००० माडांची झाडे दान दिल्याचा उल्लेख आहे. दुसऱ्यात कापूराहारातील चिखलपद्र गावी ८,००० झाडे दिल्याचे सांगितले आहे. नानंगोल म्हणजे आजचे नारगोल असावे, असे अनेक संशोधकांचे मत आहे. लेखातील शब्द ‘नाळीगेर’ असा आहे. संस्कृतातील नारिकेल, नालिकेर या दुहेरी रूपांशी व मराठीतील नारळ या रूपाशी त्याचे नाते उघड आहे. र आणि ल यांची अदलाबदल या शब्दात फार पूर्वीपासून चालू होती, आणि मूळ शब्द द्राविडी भाषांतून आला असावा, हा तर्क बहुतेकांना मान्य आहे.

या दानांत माड मोजले आहेत ते ‘मूळ’ म्हणून, म्हणजे झाडागणिक. दानाचा विषय फळांचा ढीग नसून बाग हाच आहे. त्याच काळातील जुन्नरच्या एका लेखात आडुथुम नावाच्या शक उपासकाने जमिनीचे उत्पन्न श्रेणीकडे ठेविल्याची नोंद आहे. तेथे वडालिका गावची २० निवर्तने करंजाच्या संबंधात आणि कटपुतक गावची ९ निवर्तने वडाच्या संबंधात सांगितली आहेत. दोन्ही दाने एकाच राजकीय व आर्थिक जगातली आहेत. परंतु किनाऱ्यावर संपत्ती माडांनी मोजली जाते, तर जुन्नरच्या या लेखात ती निवर्तनांनी मोजली जाते आणि झाडे येतात ती करंज व वड ही. झाडांची सीमा घाटाने त्या काळीही आखून दिलेली दिसते.

याच सुमाराचा तिसरा पुरावा परदेशी आहे. इ. स. च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात अरिआके व बॅरिगाझा, म्हणजे उत्तर कोकण व भडोच, येथून आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या मालाची यादी आहे. गहू, तांदूळ, तूप, तिळाचे तेल व कापड यांच्याबरोबर ‘साक्खरी नावाचा वेळूचा मध’ तीत येतो. हा शब्द संस्कृत शर्करेचे प्राकृत रूप होय, आणि ‘वेळूचा’ या विशेषणावरून वस्तू उसाची आहे हे स्पष्ट होते. ज्या किनाऱ्यावर हजारोंच्या संख्येने माड दान दिले जात होते, त्याच किनाऱ्याच्या बंदरांतून बाहेर जाणारी गोडी मात्र उसाची होती. तिच्यातील किती भाग देशावरून घाटांनी उतरत असे हे या यादीवरून ठरत नाही. एवढे मात्र ठरते की, माड आणि गोडी ही जोडी त्या व्यापाऱ्याच्या मनात नव्हती.

३

जुन्नरविषयीची सर्वांत बोलकी नोंद पंधराव्या शतकातील आहे. त्वेर येथील रशियन व्यापारी अफानासी निकितिन हा १४७० च्या सुमारास चौल बंदरी उतरला आणि पाली व उमरी या मार्गाने जुन्नरास आला. जुन्नर तेव्हा बहामनी राज्यात होते. विक्रीसाठी आणलेला त्याचा घोडा तेथील असदखान नावाच्या अधिकाऱ्याने काढून घेतला, आणि धर्मांतर केल्यासच तो परत मिळेल असे सांगितले. पुढे एका खुरासानी सरदाराच्या मध्यस्थीने तो त्यास परत मिळाला. या मुक्कामात त्याने पावसाळा पाहिला. सर्वत्र पाणी व चिखल, आणि त्याच दिवसांत चाललेली नांगरणी व पेरणी यांचे वर्णन करून तो लगेच तेथील पेयांकडे व घोड्यांच्या चाऱ्याकडे वळतो.

या वर्णनातील शब्द भाषाभ्यासकाने थांबून पाहावेत असे आहेत. मद्य मोठ्या फळांत करतात असे तो सांगतो, आणि त्या फळांना ‘कोझी गुंडुस्तान’ म्हणतो. हे ‘हिंदुस्थानचे कवचीचे फळ’ या अर्थाच्या फारसी–तुर्की नामाचे रशियन कानांनी ऐकलेले रूप होय. रशियन लेखनात ‘ह’ च्या जागी ‘ग’ येतो, हे लक्षात घेतले म्हणजे गुंडुस्तान शब्दाचे कोडे उरत नाही. वस्तू अर्थात नारळ. दुसरे एक पेय ‘तात्ना’ पासून करतात असे तो म्हणतो. हा शब्द ताडाशी जोडला जातो. पुढच्याच वाक्यात घोड्यांना हरभरा देतात, आणि साखर व लोणी घालून शिजविलेली खिचडी चारतात, असे तो लिहितो. त्याच्या मजकुरात ‘किचिरिस’ व ‘साखर’ हे दोन शब्द शेजारी शेजारी आले आहेत. खिचडी हा शब्द त्याने येथेच ऐकला असला पाहिजे. साखर हा मात्र ग्रीकांच्या द्वारे रशियनात पूर्वीच गेलेला होता. दीड हजार वर्षांपूर्वी पश्चिम किनाऱ्यावरून बाहेर पडलेला शब्द एका परदेशी व्यापाऱ्याच्या मुखाने जुन्नरच्या घोड्यांच्या पागेत परत आला, असे म्हणता येईल.

निकितिनच्या विधानांतून किती अनुमान काढावे, याला मर्यादा आहे. तो ‘येथील लोक’ असे मोघम बोलतो आणि किनाऱ्यावर पाहिलेले व जुन्नरास पाहिलेले यांची सरमिसळ त्याच्याकडून झाली असणे शक्य आहे. साखर कशाची होती हेही तो सांगत नाही. तरीही त्याच्या मांडणीत दोन खाने स्वच्छ दिसतात. नारळ व ताड पेयाच्या खान्यात येतात; साखर अन्नाच्या खान्यात येते, आणि ती इतकी उपलब्ध असते की सरदारांच्या घोड्यांनाही चारली जाते. हीच विभागणी देशावरच्या मराठीत आजही आढळते, हे पुढे दिसेल.

४

या विभागणीचा अर्थ कळण्यासाठी माडाच्या गुळाची परंपरा जेथे निःसंशय होती, त्या किनाऱ्याकडे पाहिले पाहिजे. निकितिननंतर शंभर वर्षांच्या आतच, १५६३ साली, गार्सिया द ओर्ता या वैद्याचा भारतीय औषधी द्रव्यांवरील पोर्तुगीज संवादग्रंथ गोव्यात छापला गेला. माडाच्या रसास तो ‘सुरा’ म्हणतो. एक भांडे भरून काढल्यावर झाड आणखी रस देत असेल, तर दुसरे भांडे लावतात आणि त्याची उन्हात किंवा विस्तवावर साखर करतात. तिला ‘जागरा’ म्हणतात, असे त्याचे सांगणे आहे. शतक संपण्यापूर्वी लिन्स्खोतेन या डच प्रवाशानेही तीच गोष्ट त्याच शब्दाने नोंदविली. म्हणजे गोव्यात सोळाव्या शतकात माडाचा गूळ हा नित्याचा पदार्थ होता. कलाकृती किंवा नवल नव्हते.

‘जागरा’ या शब्दाची वाट पाहण्यासारखी आहे. संस्कृत शर्करा मलयाळमात ‘शर्क्करा’, ‘चक्करा’ झाली; तेथून पोर्तुगीजांनी ‘जागरा’ उचलला; आणि इंग्रजांनी त्याचे ‘जॅगरी’ केले. इंग्रजीत हा शब्द प्रथम ताड–माडांच्या रसाच्या गुळालाच लागत असे. त्याच शर्करेचे मराठीत साखर झाले आणि ते उसाच्या शुद्ध दाण्यांपुरते मर्यादित राहिले. एकाच मूळ शब्दाने दक्षिणेच्या किनाऱ्यावर माडाचा काळसर गूळ आणि देशावर उसाची पांढरी साखर दर्शवावी, यात त्या त्या प्रदेशाचा व्यवहारच उमटला आहे.

गोव्याच्या कोंकणीत गुळाला ‘गोड’ म्हणतात, आणि माडाच्या गुळाला ‘माडाचें गोड’. रस म्हणजे ‘सूर’. तो काढणारा ‘रेंदेर’. त्याची कोयती ‘कातीं’, रस धरण्याचे मातीचे भांडे ‘दामणें’, आणि रस उतरवून आणण्याचे ‘दुदिणें’, जे मुळात दुध्या भोपळ्याचे असे. रेंदेर हा शब्द पोर्तुगीज ‘रेंदैरु’ वरून आला आहे, आणि त्याचा अर्थ खंडाने घेणारा, खंडकरी. माडाचा मालक वेगळा आणि त्यावर चढणारा वेगळा. चढणाऱ्याने मालकास खंड द्यावयाचा. हत्यारांची व भांड्यांची नावे देशी राहिली, परंतु माणसाचे नाव महसुलाच्या भाषेतून आले. कसब कोणाचे आणि त्याची गणना कोणाच्या वहीत, हा भेद या एका शब्दात साठवलेला आहे.

५

आता देशावरच्या मराठीकडे वळले असता चित्र पालटते. ताड, माड आणि शिंदी ही तीन झाडे मराठीस उत्तम परिचित आहेत. ताडाचा रस ताडी, माडाचा माडी आणि शिंदीचा रस शिंदीच. तिन्ही ठिकाणी झाडाच्या नावावरून थेट पेयाचे नाव तयार झाले आहे. परंतु यांपैकी कोणत्याही झाडाच्या रसापासून होणाऱ्या गुळास एकेरी, स्वयंपूर्ण असे नाव मराठीत नाही. ‘ताडगूळ’ हा सामासिक शब्द विसाव्या शतकातील ग्रामोद्योगाच्या चळवळीने रूढ केला, आणि ‘माडाचा गूळ’ हे वर्णन आहे. दोन्हींत गूळ हा मूळ शब्द उसाचाच आहे, आणि झाडाचे नाव त्यास विशेषण म्हणून जोडावे लागले आहे. नुसता ‘गूळ’ म्हटल्यावर देशावर उसाखेरीज दुसरे काही कोणाच्या मनात येत नाही.

आणखी एक उदाहरण आंबेगावच्या पश्चिम भागातील आहे. भीमाशंकरच्या दमट अरण्यात भेरली माड आढळतो. याची पाने माशाच्या शेपटीसारखी चिरलेली असतात, आणि फुलोऱ्याचे जटेसारखे लोंबते झुबके असल्यामुळे त्यास शिवजटा असेही नाव आहे. त्याचे तिसरे नाव सुरमाड. हेच झाड श्रीलंकेत ‘कितुल’ म्हणून ओळखले जाते, आणि तेथील सर्वांत नावाजलेला गूळ त्याच्याच रसाचा असतो. एकाच झाडाची ओळख एका देशात गुळाने होते. सह्याद्रीत मात्र ‘सुरे’ने होते. शिंदीचेही तसेच. बंगालमध्ये शिंदीच्याच जातीच्या खजुरीचा हिवाळी गूळ हे घरोघरीचे पक्वान्न आहे. महाराष्ट्रात त्याच झाडाचे नाव उच्चारताच मद्य आठवते. तेव्हा झाड असणे म्हणजे परंपरा असणे नव्हे, ही गोष्ट या दोन झाडांनी पुरती सिद्ध होते.

नारळ या शब्दाभोवतीचे वाक्प्रचारही हेच सांगतात. नारळ फोडणे म्हणजे कार्यारंभ, नारळ देणे म्हणजे निरोप, ओटीत नारळ, तोरणाला नारळ. देशावर नारळ आला तो देवकार्याचे फळ म्हणून. गोडाचे वाक्प्रचार मात्र उसाचे व गुळाचे आहेत. गाढवाला गुळाची चव नसते. ऊस गोड लागला तरी मुळासकट खाऊ नये. संक्रांतीला तिळगूळ देऊन गोड बोलावयाचे. आणि लांबलेल्या वादास चर्चेचे गुऱ्हाळ म्हणावयाचे. ‘गोड’ हे विशेषणही गुड शब्दाशीच जोडण्याकडे व्युत्पत्तिकारांचा कल आहे. स्वरमध्यस्थ ड चा मराठीत ळ होतो, जसे षोडश–सोळा, तडाग–तळे. त्याच नियमाने गुडाचा गूळ झाला. ‘गोड’ मध्ये ड टिकला, याचा अर्थ मधल्या अवस्थेत तेथे द्वित्व असावे. असे असेल तर पदार्थ व त्याचा गुण या दोहोंची नावे एकाच मुळाच्या दोन फांद्या ठरतात.

शब्द नसणे म्हणजे वस्तू नसणे असा निष्कर्ष एकदम काढणे अर्थात धोक्याचे आहे. एखाद्या गावी एखाद्या घराने शिंदीचा रस आटवून गूळ केलाही असेल. परंतु ज्या वस्तूचा उद्योग होतो, बाजार भरतो व वारसा चालतो, तिच्या क्रियांना, हत्यारांना व अवस्थांना नावे पडल्यावाचून राहत नाहीत. या कसोटीवर उसाच्या गुळाचे शब्दभांडार पाहण्याजोगे आहे.

६

जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांतील गुऱ्हाळाचा हंगाम सामान्यतः दिवाळीनंतर सुरू होऊन चैत्राच्या आसपास संपतो. ‘गुऱ्हाळ’ शब्दाचा उगम गुड आणि शाला यांच्या समासात सांगितला जातो. ऊस चरकात गाळतात. पूर्वी चरक लाकडी व बैलांनी फिरविला जाणारा असे; एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोखंडी चरक आले, आणि पुढे किर्लोस्करांसारख्या कारखानदारांनी ते महाराष्ट्रातच तयार केले. रस काहिलीत घेऊन चुलवणावर चढवितात. एका वेळी चढविलेल्या रसास आधण म्हणतात. रस तापू लागला की भेंडीच्या खोडांचा चिकट रस व थोडा चुना घालतात; त्यामुळे मळी वर येते व ती काढून टाकता येते. पाक घट्ट होत आला म्हणजे त्याचा थेंब थंड पाण्यात टाकून गोळी बांधते की नाही हे पाहतात. हा क्षण ओळखणारा तो गुळव्या. लवकर उतरविल्यास काकवी राहते. उशीर झाल्यास गूळ करपतो. योग्य वेळी उतरविलेला पाक वाफ्यात ओतून घोटतात, आणि मग साच्यात भरून त्याच्या ढेपा करतात. गुळाला रवा कसा आला, यावर त्याचा भाव ठरतो.

चरक, चुलवण, काहील, आधण, मळी, पाक, काकवी, वाफा, ढेप, रवा, गुळव्या, चिपाड : प्रत्येक अवस्थेला नेमका शब्द आहे. यांतील काही संस्कृतातून परंपरेने आले, काही शेजारच्या भाषांशी जुळतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात फाणित, गुड, मत्स्यण्डिका, खण्ड व शर्करा अशी उसाच्या पदार्थांची क्रमवारी दिली आहे. मराठीने तिच्यातील गुड, खण्ड व शर्करा यांची गूळ, खांड व साखर अशी रूपे ठेविली. फाणिताच्या जागी मात्र काकवी हा शब्द आला, आणि त्याचे नाते कन्नडातील काकंबीशी दिसते. उसाच्या जातींतही जुनी स्मृती आहे. पुंड्या उसाचे नाव संस्कृतातील पौण्ड्रक उसाशी जोडले जाते.

या शब्दांत ‘चिपाड’ हा शब्द आर्थिक दृष्ट्या सर्वांत महत्त्वाचा ठरतो. रस काढल्यावर उरलेले चिपाड वाळवून तेच चुलवणात जाळतात. ऊस आपल्या गोडीबरोबर आपले जळणही घेऊन येतो. शंभर किलो उसापासून साधारणपणे दहा ते बारा किलो गूळ पडतो, आणि त्यासाठी लागणारा बहुतेक विस्तव त्याच शंभर किलोंतून निघतो. माडाची गोष्ट उलट आहे. त्याच्या रसात साखरेचे प्रमाण शेकडा पंधराच्या आसपास असते. म्हणजे एक किलो गुळासाठी सात–आठ लिटर रस आटवावा लागतो, आणि त्याचे सर्व सरपण बाहेरून आणावे लागते. शिवाय हा रस काही तासांत आंबू लागतो. भांड्यास आतून चुना लावला तरी तो अल्पकाळच टिकतो. दिवसातून दोनदा झाडावर चढून पोय छेदावी, आणि उतरल्याबरोबर चूल पेटवावी, असा हा उद्योग आहे. तो माडाच्या बुंध्यापासून दूर जाऊ शकत नाही.

घाटाने काय वर आणले, याचे उत्तर यातच आहे. नारळ महिनोन् महिने टिकतो. तो बैलाच्या पाठीवर मिठाच्या व सुक्या मासळीच्या बरोबरीने वर आला. रस येऊ शकत नव्हता. माडाचा गूळ येऊ शकला असता. परंतु तो दमट हवेत लवकर पाझरतो, आणि ज्या प्रदेशात तो यावयाचा तेथे उसाचा गूळ मुबलक होता. जुन्नर सुमारे सातशे मीटर उंचीवर आहे. तेथे विहिरीच्या कडेला एखाददुसरा माड उभा राहतो, माडांची बाग उभी राहत नाही. माड छेदण्याचे वंशपरंपरागत कसब असलेला भंडारी समाजही किनाऱ्यावरच राहिला. घाटमाथ्यावरच्या महादेव कोळ्यांचा अरण्याशी जो व्यवहार होता, तो हिरड्याचा व मधाचा. या भागातील रानची गोडी म्हणावयाची तर ती मधाची होय.

७

येथपर्यंतची कारणे निसर्गाची व व्यवहाराची झाली. त्यांत एकोणिसाव्या शतकात राज्यसत्तेच्या कारणाची भर पडली, आणि ती किनाऱ्यावरच्या परंपरेलाच बाधक ठरली. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताड–माडांचा रस काढणे परवान्याच्या व झाडपट्टीच्या चौकटीत आले. सरकारच्या दृष्टीने झाड हे मद्याचे साधन होते, आणि त्याच मापाने त्याच्यावर कर बसला. रसाचे पुढे मद्य करावयाचे की गूळ, हा भंडाऱ्याच्या घरातला प्रश्न होता. तो आता सरकारी परवान्याचा प्रश्न झाला. कर भरून काढलेला रस मद्य म्हणून विकल्यास चार पैसे सुटत. सरपण जाळून त्याचा गूळ करणे परवडणारे नव्हते.

ही दृष्टी शब्दांच्या व्युत्पत्तीतही शिरली. वसाहतकालीन गॅझेटियरांत ‘भंडारी’ हा शब्द मद्य गाळणाऱ्या अर्थाच्या ‘मंडहारक’ अशा संस्कृत शब्दापासून आल्याचे सांगितले आहे. आरंभीच्या म चा भ होणे हे मराठीच्या ध्वनिपरिवर्तनांत नियमित नाही. ‘भांडार’ शब्दापासून ‘भांडारी’, ‘भंडारी’ होणे सरळ आहे, आणि भांडाराचे रक्षण करणारा हा अर्थही तितकाच संभवनीय आहे. तरीही मद्याची व्युत्पत्ती पसंत पडली, कारण अधिकाऱ्यांना या समाजाचा परिचय अबकारीच्या वहीतून झाला होता. रेंदेर शब्दाच्या बाबतीत जे पोर्तुगीज अमलात घडले, त्याचाच हा दुसरा प्रकार.

विसाव्या शतकात याविरुद्ध एक जाणीवपूर्वक प्रयत्न झाला. १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. वर्धा हे त्याचे केंद्र. ज्या झाडांतून मद्य निघते त्यांतूनच गूळ काढावा, म्हणजे मद्यबंदीने बेकार होणाऱ्यांस काम मिळेल आणि उसाची जमीन धान्यास मोकळी होईल, असा विचार त्यामागे होता. ‘ताडगूळ’ व ‘नीरा’ या शब्दांचा व्यापक प्रचार याच काळात झाला. पुढे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने नीरेची स्वतंत्र व्याख्या केली : माड, ताड, शिंदी इत्यादी झाडांचा, आंबू न देण्याची व्यवस्था केलेल्या भांड्यात धरलेला, न आंबलेला रस. कायद्याच्या इंग्रजी मजकुरात ताडास ‘ब्रॅब’ म्हटले आहे. हा पोर्तुगीजांच्या ‘रानटी ताड’ या अर्थाच्या नावाचा अवशेष होय. रसाचे मद्याहून वेगळे असे अस्तित्व कायद्याने मान्य केले, हे खरे. परंतु परवान्याची चौकट राहिलीच. कसब हातातून एकदा सुटले म्हणजे नुसत्या व्याख्येने ते परत येत नाही.

देशावरही गुऱ्हाळाचे स्थान पुढे बदलले. कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे या धरणांनी जुन्नर व आंबेगावची बागायत वाढविली. डिंभे धरणाच्या पाण्याखाली मूळचे आंबेगाव गेले, आणि तालुक्याचे नाव तेवढे उरले. उसाचा मोठा भाग आता जुन्नरच्या विघ्नहर व आंबेगावच्या भीमाशंकर या सहकारी साखर कारखान्यांकडे जातो. गुऱ्हाळे आहेत, परंतु ऊस वाढला म्हणून गुळव्या वाढला असे झाले नाही.

८

या विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, जुन्नर–आंबेगावच्या प्रदेशात माडाचा गूळ ही परंपरा असल्याचे शिलालेख, प्रवासवर्णन किंवा बोली यांपैकी कोणाचेही साक्ष्य मिळत नाही. तेथे नारळ आला तो फळ म्हणून, आणि ताड–माड ओळखीचे झाले ते पेयाचे झाड म्हणून. तेथील परंपरागत गोडी उसाच्या गुळाची व रानच्या मधाची. दुसरी, गोव्यात ही परंपरा किमान सोळाव्या शतकापासून लेखांत नोंदलेली आहे, आणि तिची स्वतःची परिभाषा आहे. ती क्षीण झाली याचे श्रेय निसर्गास देता येत नाही; महसुलाच्या व अबकारीच्या दृष्टीने झाडाकडे पाहण्याची रीत त्यास बऱ्याच अंशी कारण आहे. तिसरी, ‘परंपरागत’ हे विशेषण स्थळाचा व कारागिराचा उल्लेख न करता वापरले, तर ते दोघांवरही अन्याय करते. आज बाजारात येणाऱ्या माडाच्या साखरेचा मोठा भाग इंडोनेशिया व फिलिपिन्स येथे तयार होतो. ती घेणाऱ्यास रेंदेर ठाऊक नसतो, आणि ती ‘उसाहून नैसर्गिक’ म्हणून घेताना गुळव्याचाही विसर पडतो. रासायनिक दृष्ट्या पाहता तिच्यातील बहुतांश भाग उसात असते तीच साखर आहे, हेही येथे नमूद करणे उचित होईल.

या विषयातील पुढील कामाची दिशा स्पष्ट आहे. कुकडी, मीना व घोड यांच्या खोऱ्यांतील गुऱ्हाळांची परिभाषा अद्याप बोलणाऱ्यांच्या तोंडी आहे. चुलवणाच्या भागांची नावे, पाकाच्या अवस्थांचे शब्द, रव्याच्या प्रती, कामाच्या वाटणीची व मोबदल्याची नावे, यांत गावोगाव भेद आहेत, आणि शेजारच्या खेड व शिरूर तालुक्यांशी त्यांची तुलना व्हावयास हवी. तद्वतच सिंधुदुर्ग, रत्नागिरी व गोवा येथील माड छेदणाऱ्यांची परिभाषा, जोवर ती जाणणारे लोक आहेत तोवर, त्यांच्याकडून प्रत्यक्ष ऐकून नोंदविली पाहिजे. दोन्ही संग्रह समोरासमोर ठेवता आले, तर घाटाच्या दोन बाजूंनी एकाच ‘गुड’ शब्दाचे काय केले याचा आज अंदाजाने सांगितलेला इतिहास पुराव्याने सांगता येईल. गुळव्ये व रेंदेर दोघेही वयोवृद्ध होत आहेत. या कामास फार काळ थांबता येणार नाही.